सोमाली ‘देय्र’ला मराठीत काय म्हणायचं?

पुण्यात शिकणाऱ्या सोमाली वर्गमैत्रिणीचा एक लेख मराठीत आणताना एका वाचक ताईंची गाडी दोन ठिकाणी अडली आहे. मैत्रीण हर्गेसा शहरातली, म्हणजे आफ्रिकेतल्या सोमालीलँडच्या राजधानीतली. तिने लिहिलंय की वडिलांनी परदेशातून पैसे पाठवून आधी ‘देय्र’ बांधून घेतलं, घर झालं तीन वर्षांनी. ही पहिली अडचण. दुसरी म्हणजे आजीच्या तोंडी आलेली म्हण, ‘ओदि अब क डोव’. पहिल्या ठिकाणी ताईंनी ‘संरक्षक भिंत’ लिहून ठेवलंय, पण ते त्यांनाच खटकतंय. म्हणून विचारतात, नेमका शब्द कोणता? आणि घराचा पत्ता नसताना भिंत कशाला?

खटकलं ते बरोबरच. ‘संरक्षक भिंत’ हा निविदेतला शब्द. आमदार निधीतून शाळेला नाहीतर स्मशानभूमीला होते ती संरक्षक भिंत. आपल्या घराभोवतीच्या भिंतीला घरात बसून असं कुणी म्हणत नाही.

आधी उच्चाराचं बघू, कारण पुढे त्यावरच घोळ होतात. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ साली, आणि ती रोमन. त्यात ‘एक्स’ हे अक्षर घशातून काढलेल्या ‘ह’साठी आहे आणि ‘सी’ हे ‘ऐन’ या घशातल्या अरबी ध्वनीसाठी. त्यामुळे गुरांच्या गोठणीचा शब्द आपल्याकडची मंडळी ‘क्सेरो’ वाचतात, तो आहे ‘हेरो’. ‘डी’ आणि ‘एच’ जोडून लिहिलं की तो आपला ‘ध’ नाही, जीभ मागे वळवून काढलेला ‘ड’ आहे. इंग्रजाला हा ‘ड’ काढताना घाम फुटतो, आपल्याला तो जन्मतःच येतो. तेव्हा म्हणीतला शेवटचा शब्द ‘धोव’ नको, ‘डोव’ हवा. ताईंनी ते ऐकून लिहिलंय, म्हणून बरोबर आलंय.

आता ‘देय्र’. मराठीत भिंत म्हटली की ती छपराची. भिंत खचते, भिंतीला कान असतात, भिंतीवर देव टांगतात. ती घराचाच अवयव. सोमालीतही घराच्या भिंतीला वेगळे शब्द आहेत, ‘देर्बी’ आणि ‘गिदार’. दुसरा अरबी ‘जिदार’वरून आलेला. ‘देय्र’ मात्र छप्पर पेलत नाही. ते घराला वळसा घालतं. दगडाचं असो, सिमेंटच्या ठोकळ्यांचं असो, पत्र्याचं असो की काट्यांचं, देय्र ते देय्रच. कशाचं केलंय यापेक्षा काय वेढलंय, याचा हा शब्द. (‘देय्र’ हे तिथल्या एका ऋतूचंही नाव आहे, ऑक्टोबरच्या सुमारास पडणाऱ्या लहान पावसाचं. लेखात पुढे कुठे ‘देय्र आलं’ असं वाक्य असेल तर भिंत चालत आली असं समजू नका.)

या शब्दाच्या मागे एक जुना शब्द उभा आहे आणि म्हणीत नेमका तोच आहे : ‘ओद’. ओद म्हणजे काट्यांची वई, तोडलेल्या काट्या रचून केलेलं कुंपण. फिरस्त्या सोमाली कुटुंबाचा मुक्काम पडला की दोन कामं निघतात. बायका ‘अकल’ उभारतात. त्याचा आपल्या अकलेशी संबंध नाही. अकल म्हणजे वाकवलेल्या मुळ्या-फांद्यांच्या सांगाड्यावर चटया टाकून केलेली घुमटाकार झोपडी, सोडून उंटावर लादता येणारी. ती उभारायची बाईनेच. आणि पुरुष कुऱ्हाडी घेऊन बाभळीच्या जातीची झाडं तोडायला जातात. तोडलेल्या काट्या हाताने ओढता येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे ‘हंगूल’ नावाची काठी असते, एका टोकाला दुबेळकं आणि दुसऱ्या टोकाला आकडी. दुबेळक्याने ढकलायचं, आकडीने ओढायचं.

हे वाचून मला आमच्या माणदेशातल्या चुलत्यांची आठवण झाली. त्यांचीही अशीच काठी होती आणि तिला हात लावला की बोलणी बसायची. वई घालताना ते एकच सांगायचे : बुडखा आत, शेंडा बाहेर. म्हणजे बाहेरच्या जनावराच्या तोंडाला काटा आणि आतल्या माणसाच्या हाताला धरायला बुडखा. वाटेपुरती फट ठेवायची आणि रात्री सगळी शेरडं आत आली की एक मोठी काटी आतून ओढून ती बुजवायची. सोमाली ओदही असंच बंद होतं, आणि ‘ओद’ हे नामही आहे, क्रियापदही : काट्या घालून वेढणं, बंद करणं. आपण लाकडी दाराला ‘दार ओढून घे’ म्हणतो त्याचा उगम या काटीत आहे असा माझा दावा नाही, पण काटी ओढून घेतलेल्या माणसाला ते वाक्य वेगळं ऐकू येतं एवढं खरं.

ओदाच्या आत जनावरांसाठी जो गोल राखला जातो तो ‘हेरो’, म्हणजे आपलं वाडगं. बाहेर तरस आहे, बिबट्या आहे. एका रात्रीत दहा शेळ्या गेल्या तर त्या घराचं दूध, मटण, लग्नाचा खर्च आणि उद्याची पत, सगळंच गेलं. म्हणून ओद आधी. घर चटईचं असलं तरी चालेल, वई भक्कम हवी. मैत्रिणीच्या वडिलांनी आधी देय्र आणि मग घर बांधलं, त्या क्रमातला निम्मा भाग मला इथे दिसतो. निम्माच म्हणतो, बाकीचा पुढे.

या शब्दांचा प्रवास मजेदार आहे. हेरो आज निर्वासितांच्या छावणीलाही म्हणतात आणि सैन्याच्या तळालाही. अकल तर कुठल्या कुठे गेलं : अमेरिकेच्या व्हाइट हाऊसला सोमालीत ‘अकल्क अद’ म्हणतात, पांढरं अकल. हसू आलं तरी आपण हसण्याच्या जागी नाही. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, वेढलेली जागा. त्यावरून आपला वाडा आला. धनगर अजूनही मेंढरं बसतात त्या जागेला वाडा म्हणतो आणि भोवती वाघूर, म्हणजे जाळं, लावतो. तोच वाडा पुण्यात येऊन १७३२ मध्ये शनिवारवाडा होऊन बसला. मेंढरांपासून पेशव्यांपर्यंत. सोमाल्यांनी झोपडीचा शब्द महालाला दिला, आपण कुंपणाचा दिला.

आता ‘का’ या प्रश्नाकडे. सर्रास मिळणारं उत्तर ‘यादवी युद्ध’. ते खोटं नाही, पण सगळं त्यावर ढकलू नये. हर्गेसाचीच गोष्ट घ्या. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या सरकारने स्वतःच्याच या शहरावर बॉम्ब टाकले, आणि विमानं उडत होती शहराच्याच विमानतळावरून. शहराचा बराचसा भाग जमीनदोस्त झाला, माणसं इथिओपियातल्या छावण्यांत गेली. १९९१ मध्ये बारे पडला, सोमालीलँडने सोमालियापासून वेगळेपण जाहीर केलं, लोक परतले. परतले म्हणजे कुठे? घर नाही, गल्ली ओळखू येत नाही, कागद जळालेले. अशा वेळी जागा आपली हे सांगायचं कसं? चारही बाजूंनी देय्र घालून. नंतर शहर वाढलं, लंडन-मिनियापोलिसला गेलेल्यांकडून पैसा येऊ लागला, तरी रीत तीच राहिली. आधी जागेला वेढा, मग सवडीने खोल्या. मोकळी जागा दिसली की कुणीतरी येऊन बसतो, वेढलेल्या जागेत शिरायला दोनदा विचार करतो. आपल्याकडे सातबारा हातात असून शेजारी बांध कोरतो. तिथे भिंत हाच सातबारा.

सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, सोमाल्यांच्या भाषेत हमरमध्ये, भीतीचा वाटा जास्त. १९९१ नंतर तिथे टोळ्यांची लढाई झाली, लोकांच्या घरात दुसरेच घुसले, तेव्हा भिंती उंच झाल्या आणि दारं लोखंडी. पण त्याच शहरातल्या हमरवेयने या जुन्या भागात जा. तिथली जुनी घरं प्रवाळाच्या दगडांची, एकाला एक खेटून, चौक असलाच तर आत. भोवती आवार सोडायला जागाच नाही. हे बंदराचं गाव, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये इथे उतरला होता, आणि इथली घरं किनाऱ्याच्या रीतीची. दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांची कुडाची गोल घरं, ‘मुंदुल’, आणखी वेगळी. तेव्हा ‘सोमाली कुटुंबं भिंती बांधतात’ हे वाक्य म्हणजे ‘मराठी माणसं वाड्यात राहतात’ म्हणण्यासारखं. देय्र ही गुरं राखणाऱ्यांची सवय शहरात आली तिथली गोष्ट.

आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात पटतं, ते आतून बघावं लागतं. हर्गेसातल्या घराच्या आवाराला रंगवलेलं पत्र्याचं मोठं फाटक असतं, गाडी जाईल एवढं, आणि त्याच्यातच माणसापुरतं एक छोटं दार कापलेलं. आपल्याकडे किल्ल्याच्या दरवाजात असतं ते, दिंडी. दिंडीतून वाकून आत गेलं की मोकळं आकाश. चूल बऱ्याचदा इथेच, धुणं इथेच, संध्याकाळी उकाडा असला की चटई टाकून निजणंही इथेच. बाई डोक्यावरचं वस्त्र उतरवून केस विंचरू शकते ती देय्रच्या आत. रस्त्यावरच्या नजरेला ते दिसू नये यासाठीचा शब्द आहे ‘अस्तुरन’, झाकलेलं, अब्रूने राहिलेलं. मराठीत याला ‘संरक्षण’ म्हणाल तर फसाल. आपल्याकडे याला ‘आडोसा’ म्हणतात. देय्र हा उघड्यावरच्या घराचा आडोसा आहे, कारण निम्मं घर उघड्यावर आहे.

मग मराठी शब्द कोणता? ‘तटबंदी’ नको, तिला बुरूज हवेत. ‘गावकूस’ अजिबात नको, ते अख्ख्या गावाचं, आणि त्याच्या आत-बाहेर असण्याला आपल्याकडे जातीचा जो इतिहास आहे तो या मुलीच्या घरावर लादू नये. ‘गडगा’ मला फार आवडला असता. न बांधता नुसता दगडांवर दगड रचलेला, छप्पर न पेलणारा; पण तो कोकण-गोव्यातल्या वाचकालाच दिसेल, विदर्भातला अडेल. ‘कुंपण’ म्हटलं की तार आणि शेत. ‘कम्पाउंड’ सगळ्यांना कळतं आणि बोलण्यात मी तेच म्हणेन, पण मैत्रिणीच्या या लेखात ते सिमेंटसारखं लागतं.

मी ‘आवार’ लिहीन. ‘वडिलांनी आधी आवार घालून घेतलं, घर तीन वर्षांनी झालं.’ क्रियापद ‘घालणं’ ठेवा, ‘बांधणं’ नको. वई घालतात तसं आवार घातलं, की जुनं ओद आपोआप त्यात येतं. भिंतीच्या उंचीबद्दल वाक्य आलं तर तेवढ्यापुरतं ‘आवाराची भिंत’.

राहिली म्हण. ‘ओदि’तली शेवटची ‘इ’ ही कर्त्याची खूण, मूळ शब्द ओदच. ‘क डोव’ म्हणजे ‘च्यापेक्षा जवळ’. आणि ‘अब’ म्हणजे बापाकडचे पूर्वज, वंश. हा शब्द हलका नाही. सोमाली मूल लहानपणी आपल्या बापाचं, आजाचं, पणजाचं अशी नावं मागे मागे मोजायला शिकतं, त्याला ‘अबतिर्सी’ म्हणतात. अनोळखी माणूस भेटला की तो कुठल्या शाखेचा हे या मोजणीवरून ठरतं. मदत कुणाची, भांडणात कुणाच्या बाजूने, खुनाची भरपाई कुणी द्यायची, सगळं अबवर. अशा समाजातली आजी सांगते की वई अबपेक्षा जवळची. ज्याची काटी आपल्या काटीला लागून आहे, रात्री तरस आलं तर ओरडल्यावर उठणारा तोच. वीस पिढ्यांमागे एक असलेला भाऊ दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

म्हणजे या म्हणीत कुंपण हा शेजाऱ्यासाठीचा शब्द झालाय. आपल्याकडे कुंपण शेत खातं, बांधावरून डोकी फुटतात. ‘दोघांमध्ये भिंत उभी राहिली’ म्हणजे बोलणं बंद झालं. ‘संरक्षक भिंत’ ताईंना खटकली ती मला वाटतं इथेच. त्या शब्दाने शेजारी बाहेर राहिला, सोमालीत तो वईच्या शब्दातच आहे.

भाषांतरात ‘अब’ला ‘वंश’ लिहू नका. आपल्याकडे बापाकडच्या गोतावळ्याला, हक्काच्या आणि भांडणाच्याही, एक चपखल शब्द आहे : भावकी. ‘भावकीपेक्षा वई जवळची.’ तळटीप लागणार नाही. ‘वई’ शहरी वाचकाला अडेल असं वाटलं तर आधीच्या परिच्छेदात आजीच्या मुक्कामाचं वर्णन आहे म्हणता, तिथेच एकदा ‘काट्यांची वई’ असं येऊ द्या, म्हणजे म्हणीपर्यंत शब्द ओळखीचा होईल.

जाता जाता दोन. लेखात ‘गरनवा’ नावाचं झाड आलंय आणि ते कोशात सापडत नाही म्हणता. ते आपलं वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली, दोन्हीकडे आणून लावली, दोन्हीकडे माजली आणि दोन्हीकडे कुंपणाला लागली. सोमालीत नावाचा अर्थ साधारण ‘ओळखू येईना’, आपण वेडी म्हणून मोकळे झालो. सरळ ‘वेडी बाभूळ’ लिहा.

आणि भिंतीच्या दगडाला मैत्रिणीने ‘डगह’ म्हटलंय ते तुम्हाला मराठीतून गेलेलं वाटलं. मोह होण्यासारखंच आहे. पण सोमाली ही आफ्रिकेतल्या कुशी गटातली भाषा, तिचं-आपलं घराणं वेगळं. हा निव्वळ योगायोग. तसंच ‘दार’. सोमालीत ते दगडी घर, अरबीतून आलेलं, दारेसलाम या शहराच्या नावातलंच. आपलं दार संस्कृत द्वारातून आलंय. त्यामुळे ‘दार बांधलं’ असं वाक्य आलं तर तिथे घर बांधलंय, चौकट नाही. ‘डगह’ला मात्र बेलाशक ‘दगड’ लिहा, नातं नसलं तरी अर्थ तोच आहे.