डब्यावरचा आकडा: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात मी लिहिलं होतं की वस्तू घेताना डब्यावर केवढा आकडा छापलाय ते बघायच्या आधी तो कशाचा आकडा आहे ते विचारा. त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे इथे मावणं शक्य नाही, पण जे परत परत आले ते घेतलेत. आणि एक सांगते, ज्यांनी ज्यांनी "माझा प्रश्न अगदी साधा आहे, हसू नका" असं लिहिलंय त्यांचेच प्रश्न सगळ्यात चांगले होते.

प्रश्न: आषाढी वारीसाठी १०,००० एमएएचचा पॉवरबँक घेतला. माझा फोन ५,००० चा आहे, म्हणजे दोनदा फुल व्हायला हवा ना? पण एकदा फुल होतो आणि दुसऱ्यांदा निम्म्यावर येऊन पॉवरबँक मान टाकतो. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला का? (एक वाचक, सांगली)

नाही हो, तुमचा पॉवरबँक बहुतेक अस्सलच आहे, उलट तो चांगलाच निघालाय. कसं होतं बघा, ते १०,००० जे छापलेलं असतं ते आतल्या बॅटरीचं असतं आणि ती बॅटरी असते ३.७ व्होल्टची, पण यूएसबीच्या तोंडातून बाहेर येताना ते ५ व्होल्ट करून द्यावं लागतं, आणि व्होल्ट वाढवले की एमएएच तेवढेच कमी होणार. म्हणून एमएएच सोडून द्या आणि वॉट-अवर, म्हणजे आत एकूण किती ऊर्जा साठलीय ते, बघा. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॉट-अवर. तुमच्या फोनची ५,००० ची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची. आता व्होल्ट बदलताना थोडं जातं, केबलमध्ये थोडं, फोन गरम होतो त्यात थोडं, असं करत ३७ मधले ३० पोचले तरी छान म्हणायचं. ३० भागिले १९, म्हणजे दीड वेळा. तुम्ही नेमकं तेच लिहिलंय.

आता पॉवरबँक उलटा करा. खालच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात जो मजकूर असतो तो डोळ्यांनी वाचता येत नाही, फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. तिथे 'रेटेड कपॅसिटी' असा शब्द सापडेल आणि त्यापुढे ६,००० च्या आसपासचा आकडा असेल. वारीला निघताना धरायचा आकडा तो. पुढच्या बाजूला ठसठशीत छापलेला १०,००० चा आकडा खोटा नाहीये, पण तो ज्या वस्तूचा आहे ती वस्तू तुमच्या हातात येतच नाही, तुमच्या हातात येतं ते तिच्यातून बाहेर पडलेलं. हे मला मनापासून खटकतं, कारण पालखीबरोबर पंधरा-वीस दिवस चालणाऱ्या माणसाला घरी रोज एक फोन करायचा असतो, त्याने कुठला आकडा धरून हिशोब करायचा?

जाता जाता, विमानाने जाणाऱ्यांनी पण वॉट-अवरच बघायचा. १०० वॉट-अवरपर्यंतचा पॉवरबँक चालतो, २०,००० चा म्हणजे ७४, तो बसतो. पण तो हातातल्या बॅगेत ठेवायचा, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला तर माणसांच्या डोळ्यासमोर घेतलेला बरा.

प्रश्न: दीड टनाचा एसी घ्यायचाय. आमचं घर जुनं आहे, भिंत विटांची, दीड टन वजन पेलेल का? आणि १८ वर ठेवला की खोली लवकर गार होते हे खरं का? (जळगावच्या एक वाचक)

ताई, भिंतीची काळजी करू नका, आतलं युनिट दहा-बारा किलोचं असतं आणि बाहेरचं तीस-पस्तीसच्या आसपास. टन हे वजन आहे, पण ते एसीचं नाही, बर्फाचं.

ही गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर सांगते. मशीनने गारवा करायच्या आधी लोक बर्फानेच करायचे, आणि तो बर्फ कुठून यायचा तर अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांमधून कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने. १८३३ साली बोस्टनहून असं एक जहाज कलकत्त्याला आलं होतं, पुढे मुंबईतही हा बर्फ उतरायला लागला आणि तो ठेवायला खास बर्फघर होतं. नंतर मशीन आली तेव्हा विकणाऱ्याला गिऱ्हाइकाला समजेल असं काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून माप ठरलं ते असं, की एक टन बर्फ चोवीस तासात वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी जी मशीन ओढते ती एक टनाची मशीन. आणि हा टन अमेरिकन बरं का, २,००० पाउंडांचा, म्हणजे ९०७ किलो. आजच्या भाषेत एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता खोलीतून बाहेर काढणं. तुमचा दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉट बाहेर फेकेल आणि त्यासाठी वीज मात्र दीड किलोवॉटच्या आसपासच खाईल, कारण तो गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हमालीच ती. भरल्या मे महिन्यात जळगावात बाहेर ४४-४५ असताना हमाली जास्त पडते आणि तिथे डब्यावरच्या आकड्यापेक्षा एसी थोडा कमीच पडतो, म्हणून गच्चीखालची खोली असेल तर टन ठरवताना ते आधी सांगा.

आता १८ चं. तापलेल्या खोलीत एसी लावला की तो आधी जोर लावूनच चालतो, तुम्ही १८ म्हणा किंवा २४. रिमोटवरचा आकडा म्हणजे कुठे पोचल्यावर थांबायचं ते. एसटीला स्वारगेटचं तिकीट काढलं काय किंवा दादरचं, घाट चढताना ती तेवढ्याच वेगाने चढणार. १८ ठेवला की एवढंच होतं, की तुम्ही पांघरूण घेऊन झोपता आणि कॉम्प्रेसर रात्रभर राबत राहतो. २०२० च्या जानेवारीपासून आपल्याकडे स्टारवाल्या नव्या एसीत चालू केल्यावर २४ च येतो, ते उगाच नाही. २४ आणि वर पंखा हळू, आमच्या घरी तरी याच्यावर सगळ्यांचं एकमत आहे.

प्रश्न: मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. सभेची नोटीस मराठीतून एसएमएसने २०० सभासदांना पाठवली, कॉम्प्युटरवर मोजलं तर १५० कॅरेक्टर भरले होते, १६० च्या आतच. तरी ६०० मेसेजचे पैसे लागले. इंग्रजीतून पाठवली तेव्हा २०० चेच लागले होते. मराठीला जादा दर आहे का? (डोंबिवली)

हा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण यात तुमची काहीच चूक नाही आणि मराठीतून लिहिण्याचा दंड मात्र तुम्हाला बसला. दर जादा नाही, जागा कमी आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट जागा असते. इंग्रजीचं एक अक्षर सात बिटांत बसवतात म्हणून तिथे १६० मावतात. देवनागरीला प्रत्येकी सोळा बिट, म्हणजे दोन बाइट लागतात, म्हणून मावतात फक्त ७०. त्याच्या वर गेलं की मेसेजचे तुकडे होतात आणि तुकडे जोडायची माहिती ठेवायला थोडी जागा जाते, मग प्रत्येक तुकड्यात ६७ च. तुमचे १५० म्हणजे तीन तुकडे, तीन गुणिले २०० बरोबर ६००. हिशोब बरोबर आहे, फक्त तो कोणी आधी सांगितला नाही.

आणि इथे अक्षर म्हणजे आपण शाळेत शिकलो ते अक्षर नाही. 'ज्ञानेश्वर' हे आपल्यासाठी चार अक्षरं, ज्ञा-ने-श्व-र. मशीन काय मोजतं? ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा! प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला पाय मोडलेला हलन्त, सगळ्यांची वेगवेगळी जागा धरली जाते. त्यामुळे कागदावर नोटीस एवढीशी दिसते आणि ७० कधी भरतात कळत नाही. 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच लिहिलं तर मोकळ्या जागा धरून २१ होतात, म्हणजे असं तीन वाक्यांचं एक पोस्टकार्ड समजा. तेवढ्यात तारीख, वेळ, जागा बसते, बाकी विषयपत्रिका जिन्याखालच्या फळ्यावर लावा. आणखी एक, पूर्ण इंग्रजी मेसेजमध्ये शेवटी एकच 'धन्यवाद' मराठीत टाकला, नाहीतर एखादी इमोजी टाकली, तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो.

पण म्हणून मराठी सोडू नका. ज्या सभासदांना इंग्रजी नोटीस वाचताच येत नाही त्यांच्यासाठी एक तुकड्याची मराठी नोटीस लाखमोलाची आहे.

याच पत्रात दुसरा प्रश्न होता की फोनबुकात 'ॲड.' टाइप केलं तर वकिलांचा नंबर कधी सापडतो कधी नाही. कारण ॲ दोन प्रकारे लिहिला जातो. एक म्हणजे अख्खा ॲ, ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनसाठी ठरवलेल्या सगळ्या भाषांच्या अक्षरांच्या यादीत, स्वतःची जागा २००८ साली मिळाली, आणि दुसरा म्हणजे साधा अ काढून त्याच्या डोक्यावर चंद्र ठेवलेला. दिसायला जुळे, मशीनसाठी वेगळे. नंबर सेव्ह करताना जो कीबोर्ड होता आणि आज जो आहे तो वेगळा असेल तर असं होणार. सोपा उपाय म्हणजे 'वकील' असं सेव्ह करा.

प्रश्न: ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, कॉम्प्युटर २९.८ दाखवतो. उरलेले कुठे गेले? (इचलकरंजी)

कुठेच गेले नाहीत. बनवणारा १,००० चा हजार धरतो, तुमचा कॉम्प्युटर १,०२४ चा, दोघंही त्याला जीबीच म्हणतात. टक्क्यात सांगायचं तर सात टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, एक टीबीची डिस्क ९३१ दिसते. तुमचा पेनड्राइव्ह चांगला आहे. काळजी करायची ती दोन टीबीचा पेनड्राइव्ह तीनशे रुपयांत मिळाला तर. तो कॉम्प्युटरला दोन टीबी दाखवतो, फाइली घेतल्यासारखं करतो आणि खरी जागा संपली की जुन्यावरच नवं लिहीत सुटतो. माझ्या ओळखीच्या एका ताईंचे मुलीच्या लग्नाचे हळदीपासूनचे सगळे फोटो असे गेले, फाइलींची नावं दिसायची आणि उघडलं की काही नाही. नवा ड्राइव्ह आणला की एकदा गच्च भरून, सगळं परत उघडून बघा, मगच त्याच्यावर विश्वास टाका.

प्रश्न: फोन आयपी ६८ आहे म्हणून तारकर्लीला समुद्रात फोटो काढले. दोन दिवसांनी चार्जिंग बंद. तांदळात ठेवलाय. सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटी नाही. मग आयपी ६८ कशाला छापतात? (पुणे)

आधी तो तांदळातून बाहेर काढा, मग बोलू. तांदळाची भुकटी चार्जिंगच्या तोंडात जाऊन बसते आणि ओल काही तांदूळ ओढून घेत नाही. ॲपलनेच २०२४ मध्ये लिहिलंय की असं करू नका, फोनचं तोंड खाली करून हातावर हलकेच आपटा आणि हवेशीर कोरड्या जागी ठेवा.

आयपी ६८ हा अडुसष्ट नव्हेच, सहा आणि आठ असे दोन वेगवेगळे आकडे आहेत. सहा धुळीचा, आठ पाण्याचा. पाण्याच्या आकड्यात सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी स्वतः ठरवते. आणि ही परीक्षा होते नव्या कोऱ्या फोनची, गोड्या आणि स्थिर पाण्यात. लाट नाही, वाळू नाही, मीठ तर नाहीच. दोन वर्षं वापरलेल्या, एकदा फरशीवर पडलेल्या फोनचं आतलं रबर तसंच राहिलेलं नसतं.

मिठाचं पाणी काय करतं ते मी दुरुस्तीच्या टेबलावर पाहिलंय. कारागिराने भिंगाखाली चार्जिंगचं तोंड धरलं, सोनेरी पिनांच्या रांगेत कडेच्या दोन पिना हिरव्या पडलेल्या, तांब्याच्या भांड्याला चिंच लावून विसरून गेलं की कळकतं ना, अगदी तशा. त्याने सांगितलं की नुसत्या ओलीने एवढं होत नाही, ओल्या पिनांमधून करंट गेला की होतं. म्हणजे फोन भिजला यापेक्षा भिजल्यावर चार्जिंगला लावला ते नडतं. खाऱ्या पाण्यात गेलाच तर आयपीवाला फोन बंद करून वरून गोड्या पाण्याने हलकं धुवा, पुसा, पंख्याखाली ठेवा आणि किमान रात्रभर चार्जर लावू नका. तुमचा बहुतेक वाचेल, चार्जिंगचं तोंड बदलून मिळतं, पण ते काम आधी करून घ्या, फोन बंद पडायची वाट बघू नका, आणि आत आहेत ते फोटो लगेच दुसरीकडे उतरवा.

प्रश्न: माझं वय ७४. नातवाने बिनवायरचे इअरफोन आणून दिले, छान आहेत, पण ते लावले की फोनवरचा रेडिओ म्हणतो इअरफोन लावा. लावलेत की! सकाळची आकाशवाणी चुकते. (सातारा)

आजोबा, त्या रेडिओला ऐकायला इअरफोन नकोय, त्याला वायर हवी आहे. एफएमची लाट साधारण तीन मीटर लांब असते, ती पकडायला त्याच्या पावपट, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास तार लागते. एवढी लांब तार फोनच्या पोटात मावत नाही म्हणून जुन्या इअरफोनची वायरच ॲंटेना म्हणून वापरतात. तेव्हा जुना वायरवाला इअरफोन टाकून दिला नसेल तर तो फोनला नुसता खोचून ठेवा, कानात घालायची गरज नाही, आणि रेडिओत स्पीकरचं चित्र असतं ते दाबा. वायर गुंडाळून ठेवू नका, खिडकीकडे मोकळी सोडा, खरखर कमी होईल. याला इंटरनेट लागत नाही, एक पैसा लागत नाही.

बिनवायरचे वापरायचेच असतील तर नातवाला सांगून प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एअर' ॲप घालून घ्या, त्यावर आकाशवाणीची मराठी केंद्रं लागतात, फक्त ते नेटवर चालतं आणि रेडिओपेक्षा थोडं मागे असतं, म्हणजे बातम्यांच्या आधीच्या टोल्यावर घड्याळ लावायची सवय असेल तर ते वायरवाल्या रेडिओवरच लावा.