पगार थकलाय, पासपोर्टही मालकाकडे

प्रश्न : दादा, माझे मिस्टर शारजात फॅब्रिकेशनच्या कामाला आहेत. महिना १,४०० दिरहॅम ठरलेत, पण चार महिने एक पैसा नाही. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलाय. वैतागून 'काम सोडतो' म्हणतात. काय करू?
– एक भगिनी, खेड

उत्तर : ताई, आजच फोन करून सांगा, तक्रार नोंदवल्याशिवाय कामावर जाणं थांबवू नका. सलग सात दिवसांवर गैरहजेरी गेली की मालक 'पळून गेला' अशी नोंद करू शकतो. मग पगार राहिला बाजूला, व्हिसाच अडचणीत येतो. मी तिकडे हिशेबनीस होतो तेव्हा आमच्या खोलीतला एक पोरगा असाच फसला. अजून रुखरुख आहे.

तिथल्या कामगार मंत्रालयाच्या अ‍ॅपवर तक्रार करता येते. ५०,००० दिरहॅमपर्यंतच्या वादात मंत्रालयच निकाल देऊ शकतं. तुमचे ५,६०० त्यातच बसतात. करारपत्र, बँकेचा उतारा हवा. मिस्टर हजेरी डायरीत लिहितात का? एकेका पानाचा फोटो तुमच्या मोबाइलवर मागवून घ्या.

पासपोर्ट अडकवणं तिथे बेकायदा आहे. त्यासाठी दुबईतल्या भारतीय वकिलातीकडे जाऊ द्या. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या तक्रार पोर्टलवर तुम्हीही खेडमधून अर्ज भरू शकता.

आणि हात जोडून सांगतो, परतीच्या तिकिटाच्या बदल्यात 'सगळे पैसे मिळाले' अशा कागदावर सही नको. अरबीत लिहिलेलं असेल तर आधी कुणाकडून वाचून घ्यायचं.