गेम फालतू आहे हे कळतं तरी मजा येते, माझ्यात काही बिघडलंय का?

हा प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात, कोणी सिरीयलबद्दल विचारतं, कोणी गाण्यांबद्दल, पण गेम खेळणारी मुलं विचारतात तेव्हा त्यात भीती जास्त असते. घरी आधीच "गेम म्हणजे वेळेची माती" हे ऐकून कान किटलेले असतात, आणि त्यात तो गेमही धड नसेल तर आपल्या बाजूने बोलायला काही उरतच नाही असं त्यांना वाटतं. म्हणून एक केस लिहितेय, त्या मुलाच्या परवानगीने, ओळख पटेल ते सगळं बदलून.

पंचविशी ओलांडलेला, पुण्यात राहणारा, गेम टेस्टर. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या गेममधल्या चुका शोधायच्या, कुठे कॅरेक्टर भिंतीत घुसतंय, कुठे बटण दाबलं तरी काही होत नाही, ते सगळं नोंदवायचं. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, मला अरे-तुरेच करा," आणि मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आला. ऑफिसात सगळे मोठमोठ्या गेम्सच्या डिझाइनवर चर्चा करतात, यानेही आपण एल्डन रिंग खेळतोय असं सांगून ठेवलेलं, आणि प्रत्यक्षात घरी येऊन रोज लावायचा काय तर जीटीए व्हाइस सिटी. २००२ चा गेम. "मला त्यातली प्रत्येक चूक माहितीये, पैसे घेऊन मी हेच काम करतो, तरी मला तोच आवडतो. माझी टेस्टच खराब आहे का? की हे अ‍ॅडिक्शन आहे?"

मी त्याला म्हणाले, आधी मला चुका सांग. आणि तो सुटलाच. समुद्राकाठचं शहर, चहूकडे पाणी, आणि हिरोला पोहता येत नाही, पाण्यात पडला की मेला (पोहणं थेट त्याच मालिकेतल्या २००४ च्या सॅन अँड्रियासमध्ये आलं). मिशन शेवटच्या क्षणाला फेल झालं तरी पुन्हा पहिल्यापासून. आणि मग ते खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन, जे आपल्याकडे सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीला झोपेतही आठवेल. अर्धवट बांधलेली बिल्डिंग, चार बॉम्ब एकेक करून उचलून वेगवेगळ्या मजल्यांवर नेऊन ठेवायचे, पहिला बॉम्ब उचलला की घड्याळ सुरू, जिन्यातून वर जाताना पंखे भिंतीला आपटतात, कामगार अंगावर धावून येतात. हे सांगताना त्याच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर हलत होती, कीबोर्डच्या नंबरांच्या बाजूला असावीत तशी, आणि त्याला ते कळतही नव्हतं. चेहरा बघण्यासारखा झालेला. जो माणूस आत येताना खाली मान घालून आला तो आता पुढे सरकून हातवारे करत होता.

मग मी विचारलं, आणि मिशन नसतं तेव्हा काय करतोस? म्हणाला काही नाही, बाइक काढतो, गेममधलं फ्लॅश एफएम रेडिओ स्टेशन लावतो आणि बीचच्या रस्त्याने फिरत बसतो.

आता इथे सोपं उत्तर होतं, लहानपणीच्या आठवणी. मोठ्या भावासोबत सायबरमध्ये एका खुर्चीवर दोघं बसून खेळायचे वगैरे सगळं होतंच त्याच्याकडे. पण ते उत्तर मला पटलं नाही, कारण स्कायरिमवरही त्याचं तेवढंच प्रेम, आणि तो त्याने नोकरी लागल्यावर पहिल्यांदा खेळला. २०११ चा गेम, बग म्हणजे चुकांसाठी बदनाम, राक्षसाने सोटा हाणला की माणूस थेट ढगात जातो. तिथे ना भाऊ, ना सायबर. तरी मजा येतेच.

खरं काय आहे माहितीये का, मजा गेमला मिळालेल्या मार्कांमधून येत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गेम खेळणाऱ्यांचा अभ्यास केला त्यात दिसलं की आपल्या मनाने वागायला मिळणं, काहीतरी जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं वाटणं, या गोष्टी जिथे मिळतात तिथे माणूस रमतो. व्हाइस सिटी याला पहिली गोष्ट भरभरून देत होता. दिवसभर ज्याला दुसऱ्याने दिलेल्या यादीप्रमाणे तेच बटण पुन्हा पुन्हा दाबायचंय, त्याला संध्याकाळी कुठेही न जाणारा रस्ता हवा असेल तर त्यात टेस्टचा काय संबंध? आपलं गल्ली क्रिकेट घ्या, एक टप्पा आऊट, जोश्यांच्या बाल्कनीत गेला की आऊट, बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग, नियम म्हणून बघितलं तर भयंकर आहे ते. त्यावरून कुणाची टेस्ट काढत नाही आपण.

हे त्याला पटलं, पण अ‍ॅडिक्शनचा प्रश्न मी तसाच सोडणार नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर हा आजार आहे, पण त्यात गेम चांगला की वाईट हे कुठेच विचारत नाहीत. बघतात ते हे की खेळण्यावरचा ताबा गेलाय का, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतोय का, नुकसान होत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण वर्षभर टिकलंय का. म्हणून मी झोपेचं विचारलं. तर म्हणाला झोप खराबच आहे, दीड-दोन वाजतात.

मला वाटलं व्हाइस सिटीमुळे. तर नाही. तो गेम साडेदहाला बंद, पोट भरल्यासारखं होतं म्हणाला. मग दीड वाजेपर्यंत काय? तेव्हा जरा अडखळत मोबाइलवरच्या एका गेमचं नाव निघालं. रंगीत गोळ्या जुळवायच्या, रोज हजेरी लावली की बक्षीस, एनर्जी संपली की थांबा नाहीतर पैसे भरा, उघडल्याशिवाय आत काय ते कळत नाही असे डबे. आणि टेस्टर म्हणून त्याचं मत काय, तर "त्यात एक बग नाही मॅडम, एकदम स्मूथ, फार भारी बनवलाय." मी विचारलं मजा येते? बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "नाही. पण सोडवत नाही."

मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितेय ती हीच. ज्या गेमची त्याला लाज वाटत होती तो त्याचं काही बिघडवत नव्हता, आणि जो झोप खात होता त्याबद्दल बोलावं असं त्याला सुचलंही नव्हतं, कारण तो "चांगला बनवलेला" होता. मिशिगन युनिव्हर्सिटीतले केंट बेरिज यांनी मेंदूवरच्या संशोधनातून दाखवलंय की आवडणं आणि ओढ लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ओढ लावण्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा मोठा हात असतो, मजा वाटण्यात तसा नसतो. त्यामुळे अजिबात न आवडणाऱ्या गोष्टीचीही जबर ओढ लागू शकते. बक्षीस कधी मिळेल हे नक्की नसलं की ती आणखी घट्ट होते, लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या माणसाला विचारा.

त्याला मी एवढंच करायला सांगितलं, कुठलाही गेम बंद केला की लगेच एक ओळ लिहायची, आत्ता कसं वाटतंय. "किती वेळ खेळलो" हे नको, त्याने नुसतं अपराधी वाटतं. पुढच्या वेळी वही घेऊन आला. व्हाइस सिटीच्या ओळी लांबलचक, कुठे गेलो, कोणतं गाणं लागलं, ते हेलिकॉप्टर कसं पुन्हा जिन्यात अडकलं. मोबाइल गेमखाली बहुतेक ठिकाणी "डोळे दुखतायत" आणि "उगाच".

तो गेम त्याने डिलीट केला, परत टाकला, परत काढला, आता फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून झोपतो आणि निदान झोप सुधारलीय. परीक्षेचं वर्ष, नोकरी, पैसे यातलं काही हातातून निसटत असेल तर मात्र वहीवर भागत नाही, नीट तपासून घ्या, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून शट क्लिनिक खास यासाठी आहे आणि जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही जाता येतं.

ऑफिसचा विषय अजून चालू आहे. मध्ये एकदा येऊन सांगितलं की डेडली प्रिमोनिशन नावाचा २०१० चा गेम आहे, त्याला एका ठिकाणी दहापैकी दोन आणि दुसरीकडे दहापैकी दहा मार्क मिळाले होते, हे त्याने जेवणाच्या टेबलवर काढलं आणि बोलता बोलता व्हाइस सिटीचंही सांगून टाकलं. टीम लीड हसला नाही, उलट त्याने विचारलं ते हेलिकॉप्टर पार केलंस का. दोघांचं त्यावर वाजलं म्हणे, कारण टीम लीडच्या मते मिशन कठीण असलं तरी बरोबर आहे, आणि याच्या मते ते वाईटच आहे, त्यात तडजोड नाही. एल्डन रिंग खेळत नाही हे मात्र अजून सांगितलेलं नाही, त्यावर आम्ही बोलतोय.