शाळेची कोणती आठवण कामाला येते?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. गेली अकरा वर्षे जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. नागरिकत्वासाठी लागणाऱ्या बी-१ पातळीच्या भाषा परीक्षेत दोनदा नापास झालो आहे. रात्री पुस्तक उघडतो आणि थोड्याच वेळात शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रमतो. तेवढ्यापुरते बरे वाटते, नंतर स्वतःचीच लाज वाटते. पाचवीत तालुक्याच्या शाळेत आलो तेव्हा माझी अहिराणी ऐकून मुले हसत. तरी वर्षभरात मी परिपाठाला बातम्या वाचू लागलो होतो. आदल्या रात्री आई भाकरी करत असताना तिला वाचून दाखवी आणि ती मध्येच 'हाई काय शे?' असे विचारी. तेव्हाची जिद्द कुठे गेली? नऊ वर्षांच्या मुलीला आमच्या एस.टी.च्या धक्क्यांच्या गोष्टी सांगतो, तर ती म्हणते, "पण बाबा, तुम्हीच नापास झालात ना?"

उत्तर : तुमच्या लेकीचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी लाजेविषयी. गावाच्या आठवणीने झुरण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव १६८८ मध्ये योहान्स होफर याने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठातील आपल्या वैद्यकीय प्रबंधात दिले, ते एका आजाराचे नाव म्हणून. आज कोणताही डॉक्टर त्यावर औषध लिहून देणार नाही, तेव्हा तुम्हीही स्वतःला रोगी ठरवू नका. ग्रुपवर जरूर रमा. फक्त तो वेळ अभ्यासाच्या तासातून काढू नका.

मला तुमच्या पत्रातला 'जिद्द' हा शब्द खटकला. मीही खानदेशातलाच, साक्री तालुक्यातला. पहिलीत गुरुजींना 'माले समजनं नही' म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला, तो हशा अजून कानात आहे. आपल्यासारख्या मुलांना शाळेतली प्रमाण मराठी ही जवळजवळ दुसरी भाषाच होती, हे आपण मोठेपणी सोयीस्करपणे विसरतो आणि ती आपल्याला आपोआप आली असे धरून चालतो. ती आपोआप आली नाही आणि माझ्या मते केवळ जिद्दीनेही आली नाही. पाचवीतल्या मुलाकडे जिद्द असून असून किती असणार? तुमच्याकडे होती ती एक व्यवस्था : उद्या सकाळी सर्वांसमोर उभे राहायचे आहे, त्यासाठी आज चार ओळी लिहायच्या आहेत आणि त्या ऐकायला चुलीपाशी एक माणूस बसले आहे. आई 'हाई काय शे?' म्हणाली की प्रमाण मराठीतली बातमी तुम्हाला अहिराणीत फोडून सांगावी लागे, आणि जे स्वतःला कळले नाही ते दुसऱ्याला फोडून सांगता येत नाही. तुमच्या आईंनी, स्वतःला ठाऊक नसताना, तुमची रोज तोंडी परीक्षा घेतली.

म्हणून शाळा आठवायचीच असेल तर 'ते दिवस किती छान होते' इथे थांबू नका. त्या रात्री काय, कुठे बसून, कोणासमोर केले ते बारकाईने आठवा आणि तेवढेच उचलून आणा. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर शिकणाऱ्यांसाठी सावकाश वाचलेल्या जर्मन बातम्या मिळतात. त्यातली एकच बातमी रोज ऐकावी, तिच्या चार ओळी स्वतःच्या शब्दांत हाताने लिहाव्यात आणि मोठ्याने वाचाव्यात. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे, हे तुमच्या परीक्षेचे चारही भाग त्यात येतात. रोज थोडे लिहिण्याचा धडा तर तुमच्या अमळनेरातच आहे : १९२४ ते १९३० या काळात तिथे शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. तुम्हाला चार ओळींचेच काढायचे आहे.

आता लेकीविषयी. एस.टी.च्या धक्क्यांची गोष्ट तिला कळणार नाही, कारण तिच्या दाराशी ट्राम येते, आणि त्या गोष्टीत बाबा नेहमीच जिंकलेले असतात. तिला तुमच्यावर हसलेल्या वर्गाची गोष्ट सांगा, दोनदा हुकलेल्या परीक्षेचीही सांगा. तिचे जर्मन तुमच्यापेक्षा चांगले असणार, म्हणून आठवड्यातून एकदा तुमच्या चार ओळी तिला ऐकवा आणि चुका तिला काढू द्या. मात्र रोजचे मास्तरपण तिच्या गळ्यात मारू नका, आणि सरकारी कागद तिच्याकडून वाचून घेण्याची सवय तर मुळीच लावू नका. परदेशातल्या अनेक घरांत मुलांवर हे ओझे नकळत येऊन पडते.

रोजच्या श्रोत्याची जागा रिकामी राहते, आणि ती कोणाची हे तुम्ही पत्रातच लिहिले आहे. तुमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा उन्हाळ्यात गावी साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात, म्हणजे आईंचे जेवणखाण उरकलेले असते. कचेरीतून परतताना फोन लावा, आधी बातमी जर्मनमध्ये वाचून दाखवा आणि मग त्या विचारतील त्याचे उत्तर अहिराणीत द्या.