पोरांना चार्ज कसं करू, असं तू विचारलंस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा घरी पाहुणे होते, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. चाकणला शिफ्ट इन्चार्ज होऊन तुला दोन महिने झाले, हाताखाली बावीस माणसं आहेत, उत्पादनाचा आकडा रोज कमी पडतोय, आणि तू विचारलंस, "सर, पोरांना चार्ज कसं करू, त्यांच्यात कामाचा उत्साह कसा भरू?"

मला तो शब्दच खटकला. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे साडेचारला उठतो, घरातली कोणीतरी त्याच्याही आधी उठून डबा करते, आणि अंधारात तो कंपनीच्या बसची वाट बघत उभा असतो. एवढं करून येणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतंच. ते काय आहे आणि तुझ्या शॉपवर ते कुठे मरतं, एवढं शोधणं तुझं काम. नवीन काही भरायला जाऊ नकोस.

हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं तेही सांगतो, कारण त्यात चूक माझीच होती.

तुझ्या वयाचा असताना मी भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये होतो. आम्ही शाफ्ट, म्हणजे मशीनमध्ये फिरणारे गोल दांडे, करायचो. आकडा पडत नव्हता म्हणून मी नगावर इन्सेंटिव्ह लावला: ठरलेल्या नगांच्या वर प्रत्येक नगाला पैसे. पहिल्या महिन्यात उत्पादन झपाट्याने वाढलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. दुसऱ्या महिन्यात तपासणीच्या टेबलाशेजारी शाफ्टचे ढीग लागले. व्यास मायनसमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापाच्या खाली, गेलेले. प्लसमध्ये असता तर पुन्हा घासता आला असता. मायनस म्हणजे थेट भंगार.

ग्राइंडरवर आमचे एक मामा होते, पन्नाशीचे. घासणारं चाक ग्लेझ झालं, म्हणजे बोथट होऊन चकाकायला लागलं, की घासण्याचा आवाज बदलतो. मामा पाठमोरे उभे असले तरी शेजारच्या मशीनचा आवाज ऐकून पोराला ओरडायचे, "डायमंड मार आधी!" आणि पोरगं ऐकायचं, कारण मामा मग स्वतः जाऊन त्याला ड्रेसिंग कसं करायचं, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने चाक पुन्हा धारदार कसं करायचं, डायमंड किती हळू न्यायचा, ते हात धरून दाखवायचे. मायक्रोमीटर पुसायला त्यांच्या खिशात वेगळा धुतलेला रुमाल असायचा. माझी योजना लागल्यावर मामा गप्प झाले. शेजारच्या मशीनवर गेलं की त्यांचे चार-पाच नग बुडत होते. मी शिकवणाऱ्याला दंड लावला होता आणि घाई करणाऱ्याला बक्षीस, आणि दोन महिने मला त्याचा पत्ता नव्हता.

शेवटी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "साहेब, पैसे नकोत असं नाही, पोरीचं लग्न काढलंय. पण माझ्या हातचा जॉब परत आला की मला जेवण जात नाही. आता रोजच येतात परत." मी काही बोलू शकलो नाही. पुढच्या महिन्यापासून नगाचा हिशेब बंद केला. पास झालेले नग मोजायचे, तेही अख्ख्या सेलचे, म्हणजे मशीनच्या त्या गटाचे, मिळून, आणि वाटा सगळ्यांना सारखा. मामा पुन्हा ओरडायला लागले.

माझ्या फार आधी हे अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये होऊन गेलं होतं, मला ते नंतर वाचायला मिळालं. १९५३ साली कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे होते. मिलने नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी अपेक्षेइतकं उत्पादन निघत नव्हतं. काम बारा प्रकारांत चिरलेलं होतं: कोणी फक्त कांड्या भरायच्या, कोणी तेल घालायचं, कोणी तुटलेले धागे सांधायचे. प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगळी, त्यामुळे अमुक माग अमक्याचा असं काही उरलंच नव्हतं. राइस यांनी सुचवलं की एका लहान गटाकडे ठरावीक माग पूर्णपणे सोपवून बघा. ती कल्पना कामगारांनी इतकी उचलून धरली की आपापसात निवड करून गट त्यांनीच पाडले. घडी बसायला वेळ लागला, पण पुढे उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. माग तेच, माणसंही तीच होती. तुझ्या तीन नंबरच्या लाइनवर प्रत्येक जण एकेक ऑपरेशन करून क्रेट पुढे ढकलतो, असं तू म्हणालास. तिथे आधी बघ. त्या लाइनवरचे चौघे मिळून आपला म्हणतील असा एक तरी पूर्ण पार्ट त्यांच्याकडे देता येतो का?

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव तुम्हाला अभ्यासात असेल. १९५० च्या दशकात त्यांनी पिट्सबर्गकडच्या दोनशेवर इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. बरं वाटल्याच्या गोष्टी बहुतेक कामातल्याच निघाल्या: काहीतरी जमलं, कोणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. वाईटाच्या गोष्टी निघाल्या नियमांच्या, साहेबाच्या वागण्याच्या, पगाराच्या, आजूबाजूच्या परिस्थितीच्या. तुझ्या भाषेत सांगायचं तर मशीनवरचा पंखा चालू झाला म्हणून कोणी जीव ओतून काम करणार नाही, पण एप्रिलमध्ये तो बंद असेल तर तुझं एकही वाक्य कोणाच्या कानात शिरणार नाही. म्हणून आधी पंखा, पिण्याचं पाणी, संडास. आणि एका इन्सर्टसाठी, म्हणजे हत्याराच्या कापणाऱ्या टोकासाठी, तीन सह्या घेत स्टोअरच्या खिडकीशी वीस मिनिटं उभं राहावं लागतं ना, तेही.

पगाराबद्दल मात्र मी तुला हर्झबर्ग सांगणार नाही. त्यांनी विचारलेले लोक पगारदार, शिकलेले होते. तुझ्या बाविसांतले चौदा कॉन्ट्रॅक्टवर आहेत, परमनंटवाल्याच्या शेजारी उभं राहून तेच काम करतात आणि बरेच कमी पैसे घरी नेतात. गोड बोलून हे भरून निघत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नकोस. ते तुझ्या हातात नाही हे सरळ सांग. तुझ्या हातात आहे तेवढं चोख कर: ओव्हरटाइमचे तास बरोबर लागले का हे महिनाअखेरीला स्वतः तपास, आणि चूक असेल तर त्याच्या वतीने तू ऑफिसात जा. एकदा गेलास की पुढे बघ.

आता कोणाला काय हवंय ते कसं कळणार? केबिनमध्ये बोलावून नाही. "काही अडचण?" असं विचारलंस तर "नाही साहेब" हेच उत्तर येणार. पाळी सुरू होऊन पहिला जॉब पास झाला की मशीनपाशी उभा राहा आणि विचार, "काल कुठे अडलं?" माणूस हातातलं दाखवत बोलायला लागतो. डायरीत लिहून ठेव. आठवड्याच्या आत त्याचं काहीतरी कर, किंवा जमणार नाही हे त्याला जाऊन सांग. न सांगता सोडून दिलंस तर तो पुढच्या वेळी "नाही साहेब" म्हणेल, आणि ते बरोबरच असेल.

प्रत्येकाचं वेगळं निघेल. आयटीआय करून आलेल्या पोराला सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं, शिकायचं असतं, कारण सेटर झाला की त्याला कुठेही काम मिळतं. तपासणीतल्या ताईंना मुलाच्या शाळेमुळे पाळी बदलायला नको असते. एखाद्याला फक्त वेळेवर घरी जायचं असतं, शेतावर दुसरं काम असतं त्याचं. तो आठ तास नीट काम करून देत असेल तर त्याला कमी समजू नकोस. सगळ्यांना वर चढायचं नसतं.

आणि एक गोष्ट मी तुला कळकळीने सांगतो. हे जे तुला कळेल ते त्या माणसाने विश्वासाने दिलेलं असेल. ताईंची अडचण माहीत झाली म्हणून त्या अडचणीचा वापर करून त्यांच्याकडून जादा काम काढू नकोस. माणसाची निकड धरून त्याला वाकवणारे साहेब मी पाहिलेत. त्यांचा आकडा काही दिवस चांगला दिसतो आणि त्यांच्या शॉपमधला एकही चांगला कारागीर टिकत नाही.

तू फोनवर ज्या मुलाबद्दल चिडून बोललास, नग पूर्ण झाले की क्रेट उलटा घालून मोबाइल बघत बसणारा, त्याचे नग वेळेआधी पूर्ण होतात हे तूच मला सांगितलंस. रिजेक्शन किती आहे ते मात्र सांगितलं नाहीस. ते रजिस्टरमध्ये बघ. कमी असेल तर या आठवड्यात दुसऱ्या पाळीच्या चहाला त्याच्याबरोबर जाऊन बस. मोबाइलबद्दल एक शब्दही काढू नकोस. तो एवढ्या लवकर नग कसे काढतो ते विचार, आणि तो काय म्हणाला ते मला कळव.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
सर