नाण्यावरच्या रेघा, कुलूप आणि सीलबंद पाकीट : तुमचे प्रश्न

प्रश्न : मुलगी टोरांटोला असते, येताना एक औंसाचं मेपल लीफ सोन्याचं नाणं घेऊन आली, २०१९ चं. सराफ बाजारात दाखवलं तर दुकानदार म्हणाला, काकू यावर रेघा रेघा आहेत, घासलेलं दिसतंय, कस लावून बघू का. मी नाणं उचललं आणि घरी आले. खोटं आहे का हो?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : काकू, उचलून आणलंत ते बेस्ट केलंत. त्या रेघा घासल्याच्या नाहीत, टांकसाळीनेच मुद्दाम पाडलेल्या आहेत, २०१५ पासून या नाण्याच्या दोन्ही बाजूंना मधल्या चित्रापासून कडेकडे जाणाऱ्या अशा बारीक सरळ रेघा असतात. ट्यूबलाइटखाली नाणं हळूहळू फिरवा, चकाकी रेघांवरून सरकताना दिसेल. नकली नाण्यात रेघा असतात पण जाड, कुठे पुसट कुठे तुटक, कारण खऱ्या नाण्यावरून साचा घेतला की इतकं बारीक काम त्यात नीट उतरत नाही. आता चांगलं भिंग घ्या आणि पान असलेल्या बाजूला बघा, मोठ्या पानाशेजारी खरबरीत जागेत एक इवलंसं पान कोरलेलं असतं आणि त्या पानाच्या पोटात सालाचे शेवटचे दोन आकडे, म्हणजे तुमच्याकडे १९ पाहिजे. २०१३ च्या आधीच्या नाण्यावर हे पान शोधू नका, तेव्हा नव्हतंच.

वजन ३१.१० ग्रॅम आणि व्यास ३० मिमी, हे दोन्ही जुळायला हवं. आणि कस लावू देऊ नका. चोवीस कॅरेट मऊ असतं, दगडावर ओढलं की ओरखडा कायमचा, शिवाय ज्या रेघांवरून खरं-खोटं कळतं त्याच पुसायच्या हा कुठला न्याय!

प्रश्न : दिरांनी लंडनहून ब्रिटानिया म्हणजे तिकडचं सोन्याचं नाणं पाठवलंय, २०१९ चं. तिरकं केलं की कुलूप दिसतं म्हणतात, मला काही दिसत नाही.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दिसणारच नाही ताई, ते कुलूप २०२१ पासूनच्या नाण्यांवर आहे. त्या नाण्यांवर एका बाजूने त्रिशूळ दिसतो आणि जरा कललं की त्याच जागी कुलूप, मागच्या लाटा हलल्यासारख्या वाटतात, ढालीवर बारीक रेघा असतात आणि भोवती भिंगाशिवाय वाचता न येणारी लॅटिन अक्षरं. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात ना, पाचशेची नोट डोळ्यांसमोर आडवी धरली की लपलेला ५०० दिसतो, आयडिया तीच. तुमचं नाणं वजन-मापावरूनच तपासा.

प्रश्न : पाडव्याला घेतलेलं दहा ग्रॅमचं नाणं सीलबंद कार्डात आहे. त्यावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, नाही. व्हॉट्सॲपवर टंगस्टनचं पण काहीतरी फिरतंय.
– एक वाचक, सिडको

उत्तर : एचयूआयडीची सक्ती दागिन्यांना आहे, नाण्याला नाही, त्यामुळे तो नंबर नाही म्हणून लगेच घाबरू नका, पक्कं बिल तेवढं जपून ठेवा. सीलबंद कार्डावर मात्र माझा फारसा विश्वास नाही, नाणं नकली करणाऱ्याला प्लॅस्टिकचं कार्ड काय जड आहे?

टंगस्टनची भीती खरी आहे, पण सांगतात तेवढी नाही. सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५, म्हणजे आत टंगस्टन घालून वरून सोनं चढवलं की वजन आणि माप दोन्ही जुळतं. टंच काढायचं मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं, त्यामुळे तेही फसतं. पण हा धातू इतका कडक की त्यावर नाजूक ठसा नीट उठत नाही, म्हणून असली भेसळ जास्त करून बिस्किटात, छोट्या नाण्यात कमी. पितळ-तांब्याचं नकली मात्र घरीच पकडता येतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून झीरो करा आणि कार्डातून काढलेलं नाणं दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता बुडवा, दहा ग्रॅम चोवीस कॅरेटला काटा ०.५२ च्या आसपास दाखवेल. पितळ असेल तर एकच्या वर जातो.

तरी शंका राहिली तर अल्ट्रासाउंडवर तपासून देणारा कोणी गाठा, टंगस्टनमधून आवाज सोन्यापेक्षा बराच वेगाने जातो, तिथे लपवाछपवी चालत नाही.