वाचकांचे प्रश्न : अटारी आणि नाण्यावर चालणारे खेळ

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. चारही पत्रलेखकांनी व्हिडिओ गेमच्या दुकानांचे दिवस खानदेशातच पाहिले आहेत.

प्रश्न : आमच्या लहानपणी भुसावळात स्टेशनकडच्या रस्त्यावर व्हिडिओ गेमचे दुकान होते. एक रुपया दिला की तेथील उभ्या यंत्रावर खेळता येत असे. अशी यंत्रे सर्वप्रथम अटारी या अमेरिकी कंपनीने काढली, हे खरे आहे का? आणि त्या यंत्रांत तेव्हा संगणक असे का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : अटारीच्या आधी नाणे टाकून खेळायची यंत्रे आली होती, मात्र या धंद्याचा पाया घातला तो अटारीनेच. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६२ साली ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार झाला होता. पण तो ज्या पीडीपी-१ संगणकावर चाले, त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. एवढे भांडवल नाण्यांतून वसूल होणे शक्य नव्हते. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोन अभियंत्यांनी संगणकच वगळून टाकला आणि साध्या टीव्हीच्या पडद्यावर ठिपके हलवणारे सर्किट बनवले. टीव्हीचे चित्र ठरावीक गतीने एकेका रेषेने उमटत असते. त्या रेषांशी जुळवून मोजणारे एक सर्किट ठेवायचे आणि त्याला मोजणीत किंचित पुढे किंवा मागे सरकू द्यायचे, म्हणजे पडद्यावरचा ठिपका डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली जातो. या युक्तीवर उभा राहिलेला ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा खेळ १९७१ साली नटिंग असोसिएट्स या कंपनीने बाजारात आणला. त्याची एक फेरी नव्वद सेकंदांची असे. सूचना मात्र इतक्या लांबलचक होत्या की दारूच्या गुत्त्यात आलेल्या गिऱ्हाइकाने त्या वाचण्याची तसदी घेतली नाही, आणि खेळ बेताचाच चालला.

त्यानंतर २७ जून १९७२ रोजी या दोघांनी प्रत्येकी २५० डॉलर घालून अटारी कंपनीची नोंदणी केली. नव्याने नोकरीस घेतलेल्या ॲल ॲलकॉर्न या तरुण अभियंत्याला बुशनेलने सरावासाठी म्हणून टेबल टेनिससारखा एक सोपा खेळ बनवायला सांगितले, आणि त्याने मन लावावे म्हणून जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाल्याची चक्क थाप मारली. ॲलकॉर्नने कामात जीव ओतला. त्याने बॅटचे आठ भाग कल्पून चेंडू ज्या भागावर आदळेल त्यानुसार तो निराळ्या कोनात परतेल अशी व्यवस्था केली. आवाजाच्या बाबतीत बुशनेलला प्रेक्षकांच्या जल्लोषाचा, तर डॅबनीला हुर्यो उडवल्याचा आवाज हवा होता. ॲलकॉर्नने दोन्ही मागण्या बाजूला ठेवल्या आणि सर्किटमध्ये आधीच उपलब्ध असलेल्या कंपनांतूनच ‘टक्’ असा आवाज काढला. हाच तो ‘पाँग’. त्यात संगणक नव्हता, मायक्रोप्रोसेसर नव्हता, प्रोग्रामही नव्हता. खेळाचा प्रत्येक नियम चिप एकमेकींना जोडून तारांतच बांधलेला होता. एखादी चिप वाचली की तेवढा खर्च वाचे. म्हणूनच १९७६ च्या ‘ब्रेकआउट’ या खेळासाठी अटारीत काम करणाऱ्या स्टीव्ह जॉब्सला कमी चिप वापरल्याबद्दल जादा पैसे देऊ केले होते. प्रत्यक्ष आखणी त्याचा मित्र असलेल्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने केली, आणि ती इतकी काटकसरीची झाली की अटारीला ती जशीच्या तशी कारखान्यात वापरता आली नाही.

पहिला ‘पाँग’ कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील अँडी कॅप्स टॅव्हर्न या गुत्त्यात ठेवला होता. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. ॲलकॉर्नने जाऊन पेटी उघडली, तेव्हा दोष सर्किटमध्ये नव्हता. नाण्यांचा डबा भरून ओसंडत होता आणि नव्या नाण्याला आत जायला जागाच उरली नव्हती.

प्रश्न : आम्ही दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जायचो. घोडेबाजार पाहून झाला की व्हिडिओ गेमच्या तंबूत शिरायचो. तेथील खेळ सुरुवातीला सोपे वाटत आणि थोड्याच वेळात हाताबाहेर जात. हे मुद्दाम केलेले असे काय? (एक वाचक, शहादा)

उत्तर : होय, मुद्दाम; आणि माझ्या मते या खेळांचा सगळा इतिहास याच एका प्रश्नात सामावलेला आहे. यात्रेत गर्दी वाढली की पाळणेवाला फेऱ्या आवरत्या घेतो, कारण खाली रांग लागलेली असते. यंत्राच्या मालकाचे गणितही तेच होते, फक्त ते यंत्रातच भरून ठेवलेले असे. ‘पाँग’मध्ये चेंडू चार वेळा टोलवला गेला की त्याचा वेग वाढे आणि बारा वेळा टोलवल्यावर पुन्हा वाढे. शिवाय सर्किटमधील एका त्रुटीमुळे बॅट पडद्याच्या टोकापर्यंत पोहोचत नसे. ॲलकॉर्नने ही त्रुटी तशीच राहू दिली, कारण ती दूर केली असती तर दोन तरबेज खेळाडू एकाच नाण्यावर हवा तितका वेळ खेळत राहिले असते.

हा हिशेब एकदा चुकलाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये आलेल्या, अवकाशातले दगड यानातून फोडायच्या ‘ॲस्टेरॉइड्स’ या खेळाची सुमारे ७०,००० यंत्रे खपली, अटारीच्या नाण्यावरच्या खेळांत एवढे यश दुसऱ्या कशालाही मिळाले नाही. मात्र खेळाडूंनी त्यात एक पळवाट शोधून काढली. सगळे दगड न फोडता एखाददुसरा शिल्लक ठेवायचा, पडद्याच्या कडेला दबा धरून बसायचे आणि मोठ्या गुणांची छोटी उडती तबकडी आली की तिला टिपायचे. दर दहा हजार गुणांना एक यान बक्षीस मिळत असल्याने कसलेला खेळाडू एका नाण्यावर तासन्‌तास यंत्र अडवून बसे. दुकानदार कुरकुरू लागले, आणि १९८१ च्या ‘ॲस्टेरॉइड्स डिलक्स’मध्ये ही पळवाट बुजवावी लागली. आपल्याकडेही तरबेज पोराला ‘बस्स झालं आता’ म्हणत उठवणारे दुकानदार अनेकांना आठवत असतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ‘पाँग’ ही मुळात चोरीच होती, असे वाचले. आपले मत काय? (एक वाचक, धुळे)

उत्तर : ‘चोरी’ हा शब्द कडक आहे, परंतु उसनवारी नाकारता येत नाही. टीव्हीला जोडून घरी खेळण्याचे यंत्र राल्फ बेअर या अभियंत्याने आधीच तयार केले होते, आणि मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ते ‘ओडिसी’ या नावाने १९७२ साली विकायला काढले. मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्लिंगेम येथे त्याचे प्रात्यक्षिक झाले. तेथे बुशनेल हजर होता आणि पाहुण्यांच्या वहीत त्याची सहीदेखील होती. मॅग्नाव्हॉक्सने १९७४ साली खटला भरला, तेव्हा ही सही महत्त्वाचा पुरावा ठरली. निकालापर्यंत न जाता १९७६ मध्ये तडजोड झाली आणि अटारीने रीतसर परवाना घेतला. कल्पना बेअरची, हे मान्य करायलाच हवे. तरीही ‘ओडिसी’ला आवाज नव्हता, गुण मोजण्याची सोय नव्हती आणि पडद्यावर रंगीत प्लास्टिक चिकटवावे लागे, खेळण्याची खरी गोडी ॲलकॉर्नच्या कामात होती.

प्रश्न : अटारी कंपनी आज चालू आहे का? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : मूळ कंपनी नाही, नाव मात्र चालू आहे. डॅबनी १९७३ मध्येच बाहेर पडला. वॉर्नर कम्युनिकेशन्सने १९७६ साली सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना कंपनी विकत घेतली आणि १९७८ च्या अखेरीस बुशनेललाही जावे लागले. टीव्हीला जोडून घरी खेळायच्या यंत्रांचा धंदा अटारीही करत होती; तो बाजार १९८३ मध्ये कोसळला. अटारीची न खपलेली कार्ट्रिज (घरगुती यंत्रात घालायच्या खेळांच्या डब्या) अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील ॲलामोगोर्डो येथे पुरण्यात आली, आणि २०१४ मध्ये ती उकरूनही काढली गेली. कंपनीचे १९८४ मध्ये दोन तुकडे झाले. घरगुती यंत्रांचा व्यवसाय जॅक ट्रॅमिएल या उद्योजकाकडे गेला. नाण्यावरच्या खेळांचा विभाग ‘अटारी गेम्स’ या नावाने मालक बदलत राहिला आणि २००३ मध्ये बंद पडला. सध्या दुकानांत दिसणाऱ्या वस्तूंवरचे ‘अटारी’ हे नाव एका फ्रेंच कंपनीच्या मालकीचे आहे.